कणगी लहान, पीक मोठं

पत्राचा सारांश: आटपाडी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५२, जन्म १९७३ च्या सुरुवातीचा, ऐन दुष्काळातला. अठराव्या वर्षी गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) धंद्यात परमुलखात गेले आणि सत्तावीस वर्षं भट्टीसमोर काढली. टेंभू सिंचन योजनेचं पाणी शिवारात आल्यावर गावी परतले. आता डाळिंब आणि थोडा ऊस करतात. माळकरी आहेत, वशाट आणि दारू वर्ज्य. तंबाखूची चिमूट मात्र सुटलेली नाही. चहा दिवसाला सात वेळा, हल्ली गुळाचा. उंची १६७ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, पोटाचा घेर ९६ सेंटिमीटर. तपासणीत उपाशीपोटी साखर ११८, जेवणानंतर १७२, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.३, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एकूण कोलेस्टेरॉल १८९, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ६२, रक्तदाब १३८/८८. सोनोग्राफीत यकृतावर पहिल्या श्रेणीची चरबी. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी लिहून दिली, ते पाकीट दीड महिना कपाटात आहे.

ते लिहितात: "मी जाड नाही, गोड खात नाही, शेतात राबतो. आईला साखर होती, म्हणजे हे रक्तातच आहे. मग गोळीचा तरी काय उपयोग? एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. एक जण नऊ हजारांत तीन महिन्यांची पावडर देतो, साखर मुळासकट काढतो म्हणतो. त्यात मुलाची सोयरीक त्याच्या मामाच्या मुलीशी ठरत आली आहे. मेहुण्यालाही साखर आहे, बायपास झालेली. दोन्हीकडची साखर नातवंडांत उतरेल का? मेहुण्याला माझे रिपोर्ट सांगावेत का?"

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रात 'म्हणजे' हा शब्द एकदाच आला आहे, पण सगळा गुंता त्याच शब्दात आहे. आईला साखर होती, म्हणजे हे रक्तातच आहे. या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा अर्धा खरा आहे. आणि त्याच्यापुढं तुम्ही जे मनातल्या मनात जोडलंय, की आता करण्यासारखं काही उरलं नाही, ते साफ चुकीचं आहे. मात्र ते चुकीचं का, हे कळायला हा आजार आत कसा घडतो ते बघावं लागेल. म्हणून आधी रिपोर्ट वाचू, गोळीचं नंतर.

तुम्ही सगळं पत्र 'साखर' या एका शब्दावर लिहिलंय. साखरेपुरतं बोलायचं तर तुम्ही अजून मधुमेही नाही. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व पायरी, ६.५ पासून मधुमेह. तुम्ही उंबऱ्यावर आहात. पण चयापचयाची घडी बिघडली आहे का हे ठरवायला डॉक्टर पाच गोष्टी पाहतात: पोटाचा घेर भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर किंवा जास्त (बाईत ८०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषात ४० पेक्षा कमी (बाईत ५०), रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचातले तीन असले की झालं. तुमचे पाचही आहेत. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं" म्हणून जो सुटकेचा श्वास टाकला असेल, तो घाईचा होता. तो एकूण आकडा आहे, आणि त्यात तुमची नेमकी खोड झाकली जाते.

हे पाच आकडे पाच वेगळे आजार नाहीत. त्यांचं मूळ बरंचसं एकच आहे.

आपल्याकडं धान्य ठेवायला कणगी असायची. सुगीचं धान्य कणगीत मावलं तर घर नीट राहायचं. कणगी भरून वर उरलं तर पोती सोप्यात, माजघरात, देवघराच्या दारात. चालायला जागा नाही, उंदीर, कीड. शरीराची कणगी म्हणजे कातडीखालची चरबी: मांड्या, कुल्ले, दंड इथली. खाल्लेल्यातलं जास्तीचं इथं ठेवलं तर शरीराला फारसा त्रास नाही. ही कणगी कुणाची मोठी, कुणाची लहान. मोठीवाला माणूस शंभर किलोचा असूनही त्याची साखर ठीक असू शकते. लहानवाल्याची साठ-पासष्ट किलोलाच भरते, आणि उरलेली चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती जाऊन बसते. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी हाच मुद्दा मांडला: प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी, आणि आजार सुरू होतो तो आपली स्वतःची मर्यादा ओलांडल्यावर.

आता तुमचे आकडे या हिशेबानं वाचा. यकृतात चरबी साचली की ते इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. रात्री आपण जेवत नाही तेव्हा रक्तात साखर सोडायचं काम यकृताचं, आणि 'पुरे' म्हणून सांगायचं काम इन्शुलिनचं. ऐकलंच नाही तर ते सोडतच राहतं. म्हणून रात्री लवकर जेवूनही सकाळी ११८. तेच यकृत जास्तीची चरबी पुड्या बांधून रक्तात सोडतं. त्या पुड्या म्हणजे तुमचे २४८ ट्रायग्लिसराइड. या पुड्या वाढल्या की त्यांच्याशी देवघेव करताना एचडीएलचे कण लवकर झिजतात, म्हणून ३४. यकृताच्या पेशी दुखावल्या, एसजीपीटी ६२. यकृत आणि स्नायू ऐकत नाहीत म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन वाढवत जातं. वाढलेलं इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, त्याचा वाटा रक्तदाबात. हे चक्र वर्षानुवर्षं फिरतं. एक दिवस स्वादुपिंड दमतं आणि मग लोक म्हणतात, "अचानक साखर निघाली."

"मी जाड नाही" हे तुम्ही काट्यावरून म्हणताय. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३.७ येतो, भारतीयांसाठी २३ पासूनच जादा वजन धरतात, कारण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट पुढं, ही आपली ठेवण. आरशात कडेनं उभं राहून बघा.

घेराबद्दल एक. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. पोटाखाली पट्टा बांधून ३४ ची पँट वर्षानुवर्षं बसते. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्याविना, साधा श्वास सोडून झाल्यावर, टेप न आवळता मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. तुम्ही ९६ लिहिलंय ते कसं मोजलं ठाऊक नाही. पुन्हा मोजा, तोच तुमचा सुरुवातीचा आकडा.

मग कणगी लहान का? इथं तुमच्या 'रक्तात'चा खरा अर्धा भाग येतो. त्यात जनुकांचा वाटा आहेच. एक जनुक नव्हे, शेकडो, प्रत्येकाचा परिणाम बारीक. दुसरा वाटा आईच्या पोटात असताना काय मिळालं याचा. तुमचा जन्म १९७३ च्या सुरुवातीचा. तुमची आई गरोदर असताना आटपाडीत खडी फोडायची कामं, रांगेतली सुकडी आणि मिलोची (परदेशातून आलेल्या लाल जोंधळ्याची) भाकरी होती. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात अशीच उपासमार झाली, आणि त्या काळात पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर तपासली तेव्हा ग्लुकोज पिल्यानंतर त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त निघाली. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी पडलं ते मांस आणि अवयवांचं वजन. चरबी जवळजवळ तेवढीच राखलेली. पोटात रसद कमी पडली की बाळ मेंदू जपतं आणि स्नायू, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांवर काटकसर करतं. असं बाळ पुढंही अर्धपोटीच राहिलं तर निभतं. त्याच्या ताटात अचानक भरभराट आली की अडचण होते.

तुमच्या एकट्याच्या बाबतीत दुष्काळच कारण, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण हा धागा ध्यानात ठेवा, कारण 'आईकडून साखर आली' याचा अर्थ त्यानं बदलतो. आईकडून तुम्हाला लहान कणगी आली असेल. तिच्यात काय आणि किती ओतायचं हे मात्र नंतर ठरलं: भट्टीसमोर दिवसभर उकिडवं बसून, हॉटेलचा भात खाऊन, आणि गावी आल्यावर मोटरसायकल आणि चहा यांच्यावर.

चहावरून आठवलं, तुम्ही 'गोड खात नाही' म्हणता. सात चहा, प्रत्येकी दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ७० ग्रॅम. महिन्याला दोन किलोच्या वर गोड तुम्ही एकटे चहातून पिता, म्हणजे दिवसाला २८० कॅलरी, आणि त्या पोट भरल्याचं समाधान न देता. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. गुळानं काही वाचत नाही. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, बाकी बहुतांश तीच साखर; यकृताला दोन्ही सारखेच. उलट 'गूळ आहे' म्हणून खडा मोठा पडतो. चहासोबत खारी किंवा बटर असेल तर त्यात मैदा आणि वनस्पती तूप आलं. गुरुवारी आणि एकादशीला उपास करत असाल तर साबुदाणा हा निव्वळ पिठूळ पदार्थ: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० कॅलरी आणि प्रथिनं नावापुरती. उपासाला वरी आणि शेंगदाण्याची आमटी, सोबत दही घ्या, वरीही मोजकीच. आणि आपल्या भागात आरोग्याचं म्हणून खिशात असणारे बेदाणे: मूठभर, तीस ग्रॅम, त्यात वीस ग्रॅम साखर.

भाकरीबद्दल गैरसमज नको. जोंधळ्याची भाकरी मैद्यापेक्षा, पांढऱ्या भातापेक्षा नक्कीच बरी, पण ती साखरमुक्त नाही. मोठ्या भाकरीला १०० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ३५० कॅलरी. ताटात दोन भाकऱ्या, वर भात, आणि पाण्यासारखी पातळ आमटी असेल तर जेवणात पिष्टच पिष्ट झालं. खतांचं धान्य, हायब्रीड वगैरेंना दोष देण्याआधी ताटातलं हे प्रमाण बघा.

'शेतात राबतो' याचाही हिशेब करा. ठिबक बसली, मोटर मोबाइलवरून चालू होते, फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं. रानात असणं आणि रानात राबणं यांत पंधरा-वीस वर्षांत मोठं अंतर पडलं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त ओढून घेतो तो स्नायू. चाळिशीनंतर वापर नसेल तर तो दरवर्षी थोडा थोडा कमी होतो, आणि तुमची सुरुवातच कमी मांसानं झालेली.

आणि रात्रीची लाईट. थ्री-फेज रात्री येते म्हणून उसाला दारं धरायला उठणारा माणूस चार तास झोपतो, दुपारी डुलकी काढतो आणि समजतो की भरपाई झाली. निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू देऊन पाहिलं, तर तेवढ्यात त्यांची साखर हाताळायची ताकद स्पष्ट घटली. पाळी ठरवता येत असेल तर सलग रात्री टाळा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. तसं असेल तर ते रक्तदाबाचंही कारण असतं, आणि त्यावर उपचार आहेत. तंबाखू? निकोटिन नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. या आकड्यांसोबत ती चिमूट परवडत नाही.

गलाईबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत, डॉक्टरांना बहुधा सांगितलंच नसेल. चांदी शुद्ध करताना शिसं वापरलं जातं, आणि बंद खोलीत त्याची वाफ अंगात जाते. शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरून राहतं, मूत्रपिंडाला इजा करतं, रक्तदाब वाढवतं. तुम्ही तसलं काम केलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, जमल्यास रक्तातलं शिसं तपासून घ्या. हे विटा-आटपाडीकडच्या प्रत्येक गलाईवाल्याला लागू आहे, साखर असो वा नसो.

याच वेळी आणखी तीन तपासण्या. टीएसएच, कारण थायरॉइड मंदावलं तर रक्तातली चरबी वाढते आणि सगळा दोष जेवणावर जातो. हिमोग्लोबिन, कारण लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. आणि बी-१२ जीवनसत्त्व, कारण तुम्ही माळकरी आहात. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूध-दह्यातून मिळतं, अनेकांना कमी पडतं, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास आणखी उतरतं. मग पायाला मुंग्या येतात आणि त्या साखरेच्या खात्यावर मांडल्या जातात. दमा, सांधे किंवा कातडीसाठी स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा. ते एकटं साखर वाढवायला पुरतं.

यातूनच पावडरीचं उत्तर येतं. मूळ यकृतातली चरबी आहे. ती काढणारं चूर्ण अजून कुणी बनवलेलं नाही. अशा पुड्यांत साखरेच्याच ॲलोपॅथी गोळ्या किंवा स्टेरॉइड कुटून घातलेले सापडतात. काही भस्मांत शिसं असतं, आणि तुम्ही आधीच भट्टीतून आलेले आहात. ज्या पुडीवर घटक, बॅच नंबर आणि परवाना क्रमांक छापलेला नाही ती घेऊ नका. नऊ हजारांत वरच्या सगळ्या तपासण्या आणि चांगला रक्तदाब मोजायचा पट्टा येईल.

आता कपाटातलं पाकीट. मेटफॉर्मिन चटक लावत नाही. 'सुटत नाही' असं वाटतं, कारण गोळी सुरू झाली तरी कारणं तशीच राहतात. चेन्नईत तुमच्यासारख्या उंबऱ्यावरच्या लोकांवर तीन वर्षांचा अभ्यास झाला, २००६ मध्ये निष्कर्ष आले. आहार-व्यायामानं मधुमेहाचा धोका २८.५ टक्के घटला, मेटफॉर्मिननं २६.४ टक्के, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर २८.२. म्हणजे गोळी कामाची आहे आणि कष्टही तितकेच कामाचे आहेत. ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षं झालेली नव्हती, अशांनी ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवलं तेव्हा वर्षभरात ४६ टक्के जण गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली आले. तेव्हा माझं मत असं: डॉक्टरांकडं परत जा, पाकीट उघडलं नाही हे खरं सांगा, आणि बारा आठवडे मन लावून प्रयत्न करू का, असं विचारा. ६.३ ला बरेच डॉक्टर हो म्हणतील. नाही म्हणाले तर जेवणासोबत गोळी सुरू करा आणि प्रयत्नही करा. सुरुवातीला पोट बिघडतं, बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत बसतं. रक्तदाब आणि हृदयाचा धोका यांवरच्या औषधांचा निर्णय मात्र या बारा आठवड्यांवर ढकलू नका.

रक्तदाब घरी मोजा: सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, दर वेळी दोन नोंदी, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर आली तर तो खरा वाढलेला आहे.

बारा आठवड्यांचं लक्ष्य: वजन ६६ वरून ६१-६२, घेर ९० च्या खाली. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घाई नको, नाहीतर आधीच कमी असलेलं मांसच उतरतं.

चहा दोन कप, बिनगोड किंवा अर्धा चमचा. पहिले दहा दिवस जड जातील, नंतर जीभ बदलते. भाकरीची संख्या मोजू नका, घरी पीठ एकदा तराजूवर तोलून बघा: दिवसभरात १५० ग्रॅम पीठ. भात रात्री बंद. जागा रिकामी ठेवायची नाही, प्रथिनांनी भरायची; तुमच्या वजनाला रोज साठ ग्रॅमच्या आसपास. कोरडी डाळ, मटकी, हुलगा मिळून ६० ग्रॅम (त्यातून १४), दूध-दही अर्धा लिटर (१६), शेंगदाणे ३० ग्रॅम (७ ते ८), सोयाबीन २५ ग्रॅम (९), बाकी पिठातून. सोयाबीन आपण पोत्यानं पिकवतो आणि सगळं बाजारात घालतो. रात्रभर भिजवून कुकरला पूर्ण शिजवलं की मटकीच्या उसळीत खपून जातं. कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका, पचत नाही. तेल माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत.

चुकतं कुठं, तर बहुतेकांचं चौथ्या आठवड्यात. भाकरी कमी केलेली असते, डाळ वाढवलेली नसते. संध्याकाळी पाचला भूक खवळते आणि भडंगाची पिशवी रिकामी होते. पाचला मूठभर शेंगदाणे आणि ताक ठरवूनच ठेवा. दुसरी चूक: पहाटे तासभर चालायचं आणि टपरीवर गोड चहा-पोहे घेऊन परतायचं.

चालणं पहाटेपेक्षा जेवणानंतर जास्त लागू पडेल. न्याहारी धरून दिवसातून तीनदा, खाल्ल्यावर पंधरा मिनिटं. आठवड्याला तीनशे मिनिटं सहज होतात. पण नुसत्या चालण्यानं मांस वाढत नाही. तालमीचा मुलूख आहे आपला, बैठका कुणी शिकवायला नकोत. दिवसाआड बाजेवर बसून हात न टेकता उठायचं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. भिंतीवर दंड तितकेच. श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब उसळतो. गुडघे मानले तर तीन आठवड्यांनी अर्ध्या बैठका. सुरू करण्याआधी ईसीजी काढून डॉक्टरांना विचारा, आणि करताना छातीत दाब, जबड्यात कळ किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर तिथंच थांबून दवाखाना गाठा.

ट्रायग्लिसराइड आधी उतरतील, काही आठवड्यांतच. मग सकाळची साखर. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, ते तीन महिन्यांआधी परत करणं म्हणजे पैसे वाया. तपासणीला बारा तास उपाशी जा, पाणी चालतं. ताप असताना जाऊ नका. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी. मध्येच तहान-लघवी फार वाढली किंवा वजन आपोआप झरझर उतरू लागलं तर तीन महिने वाट बघू नका.

सोयरिकीचं शेवटी ठेवलं, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत.

साखर मेहुण्यापासून लपवू नका. लपवण्यासारखं काही नाही, त्यालाही तीच आहे. तुमच्या मुलाला आजीकडून, बापाकडून आणि मामाकडून धोका आला आहे, त्यानं विशी-पंचविशीतच घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी तपासावी. नातवंडांना साखरेकडं कल दोन्हीकडून मिळेल, हे खरं. पण तो कल आहे, त्याच्यापुढं काय होतं ते तुम्ही वर वाचलंय. एवढ्यावरून सोयरीक मोडायचं कारण नाही.

थांबून विचार करण्याजोगी गोष्ट दुसरी आहे, आणि ती तुम्ही विचारलीच नाही: मामे-आते भावंडांचं लग्न. चयापचयाचे काही जन्मजात आजार एकाच जनुकाच्या दोषानं होतात. बाळाला अन्नातला एखादा घटक मोडताच येत नाही, त्याचं विष अंगात साचतं. हा दोष एका बाजूनं आला तर काही होत नाही, माणूस ठणठणीत राहतो. आईबाप दोघांकडं तो असला तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार व्हायची चारात एक शक्यता. सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, म्हणून तोच दोष दोघांकडं असायची शक्यता परक्यापेक्षा बरीच वाढते. बऱ्याच घरांत काहीच होत नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा बैठकीआधी दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्या बायांना विचारा: पहिल्या वर्षात दगावलेली मुलं, झटके येणारं, उशिरा बोलणारं, ऐकू न येणारं मूल कुणाकडं होतं का? मुलामुलीची थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी (एचपीएलसी) करून घ्या. घराण्यात असं काही निघालं तर जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय तारीख काढू नका, आणि निर्णय त्या दोघांना घेऊ द्या. मुलीला हे लग्न मनापासून हवंय का, हे पत्रात कुठंच नाही. तेही विचारा.

लग्न झालंच तर सुनेची साखर दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत तपासायची: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी, १४० किंवा वर आली तर उपचार. उपाशी असायची गरज नाही. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चुकवायच्या नाहीतच, पण ती शाकाहारी असेल तर बी-१२ ही बघून घ्या. पुण्याच्या त्या अभ्यासात आईचं फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं तिथं मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन निदान टीएसएच करा, आणि नात्यातलं लग्न आहे हे बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी सांगा.